वरच्या घडीवरची चूक

जरीपटका, नागपूर
१४ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, मी दोन्ही हात कणकेत घालून बसले असताना, माझ्या फोनवर तुझा ओटीपी आला. बाब गंभीर आहे म्हणून लेखी कळवते आहे. हात धुऊन, पुसून, चष्मा शोधून मी तो वाचेपर्यंत त्याचं दहा मिनिटांचं आयुष्य संपलेलं होतं. कणीक वाळली, पोळ्या वातड झाल्या. या नुकसानीची जबाबदारी तुझ्यावर, माझ्यावर की कंपनीवर, याचा मी कालपासून विचार करते आहे.

तुझा ओटीपी माझ्याकडे काहून येतो, तर २०१६ साली विणकर कार्डासाठी तुझा ईमेल मीच उघडून दिला होता. तेव्हा तुझा फोन पाण्याच्या टाक्यात पडलेला होता, म्हणून नंबर माझा घातला. नंतर बदलायचं राहिलं. मग बोलणंच राहिलं.

पत्र लिहिते आहे कारण तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस. डाकखात्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

सहा वर्षं आपण बोललो नाही. का, ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि रविवारच्या पुरवणीत माझा कॉलम वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बापूजींचा हातमाग मोडून त्याच्या लाकडावर कूलर ठेवणाऱ्या एका भावावर मी सातशे शब्द लिहिले होते. 'या घरात आता हवा विणतात' हे वाक्य लोकांना फार आवडलं. तुझं नाव घातलं नव्हतं. आपल्या उमरेडसारख्या गावात नाव घालावं लागत नाही, हे मला नंतर कळलं.

असो. विषय तुझ्या मुलीचा आहे. धनश्री तीन वर्षांपासून माझ्याकडे राहते, रोज कंपनीच्या बसने बुटीबोरीला जाते आणि तिथल्या कापडाच्या कारखान्यात मशीनवरून धावणाऱ्या कापडातल्या चुकांवर लाल बाणाचे स्टिकर चिकटवते, एवढं तुला माहीत असणार. आता ती एका स्कॉलरशिपचा अर्ज भरते आहे. इंग्लंडात एक वर्षाचं शिक्षण. फी त्यांची, राहणं त्यांचं, जेवण त्यांचं, विमानाचं जायचं-यायचं तिकीट त्यांचं, गरम कोटाचे पैसेसुद्धा त्यांचे. सगळ्या जगातून तीस जण घेतात. एवढं सगळं फुकट देणारे लोक कसे दिसत असतील, याची मला कल्पना करता येत नाही.

विषय आहे जुन्या कापडाचं जतन. संग्रहालयातलं दोनशे वर्षांपूर्वीचं फाटलेलं वस्त्र कसं सांभाळायचं, ते.

मी म्हटलं, "रफू शिकाले इंग्लंडले जातेस?"

ती म्हणाली, "रफू झाकाले करतात, आत्या. हे झाकत नाहीत. कुठं फाटलं होतं ते पुढच्याले दिसलं पाहिजे."

मला समजलं नाही. मी मान हलवली.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात. एक कॉलेजच्या सरांचं, ते आलं. दुसरं, 'ज्या व्यक्तीकडून तुम्ही हाताने करायचं काम शिकलात' तिचं. नातेवाईक चालतो. धनश्रीने तुझं नाव घातलं आणि तो २०१६ चा ईमेल घातला. पत्र चढवायचं आमंत्रण त्या मेलवर एकदा गेलं की पत्ता बदलता येत नाही. मी त्या वेबसाइटशी दोन दिवस भांडले, पण तिचा संयम माझ्यापेक्षा चांगला आहे. शेवटची तारीख २ डिसेंबर. तोवर तुझं पत्र गेलं नाही तर अर्ज अपुरा धरतात, आणि अपुरा अर्ज कोणी वाचत नाही.

म्हणजे काल तू मेल उघडायला बसला होतास. पुन्हा बस.

अंजू

धनश्रीला हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.


२८ ऑक्टोबर

दादा,

धनश्री दिवाळीहून परत आली. वहिनीने दिलेला चिवडा आणि भिवापुरी मिरचीचं तिखट मिळालं. तिखट तूच कुटून आणलं असणार, कारण चमच्याने घेतलं तरी हात झोंबतात. निरोप काही नव्हता. भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे चंद्राला ओवाळलं. तो ब्लॉक करत नाही.

कामाचं. तुझे आणखी दोन ओटीपी आले. सतरा तारखेला आला तेव्हा मी शाळेच्या लायब्ररीत होते आणि सातवीची पोरं पुस्तकं परत करत होती. पंचवीसला आला तेव्हा फोन चार्जिंगला होता. दोन्ही वेळा मी धनश्रीला फोन लावला, पण कारखान्यात फोन गेटवर जमा करतात. तेव्हा माझा इलाज चालला नाही, हे नोंदवून घे.

इथे अर्जाचं काम जोरात आहे. मला त्यातलं निम्मं समजत नाही. 'तुमच्या आयुष्यातलं एक अपयश सांगा, आणि त्यातून तुम्ही काय शिकलात' असा एक प्रश्न आहे, तीनशे शब्दांत. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत असली गोष्ट लपवतात. तिकडे तिला मार्क आहेत.

शिवाय एक निबंध लागतो, मी कोण आणि मला हे का शिकायचं आहे असा. एसओपी म्हणतात. धनश्री चार दिवस त्याच्यापुढे बसून होती, म्हणून मी मदतीला धावले. लिहिणं हा माझा धंदा आहे. तासाभरात मी दोन पानं लिहून दिली. तिने ती वाचली, लाल पेन घेतला आणि पहिलंच वाक्य खोडलं.

मी विचारलं, "काहून वं? चांगलं तं आहे."

"हे खोटं आहे."

"कोणतं?"

तिने वाचून दाखवलं. "माझ्या वडिलांनी माग मोडून त्याचा कूलरचा स्टँड केला, आणि त्या दिवशी माझ्या आत काहीतरी कायमचं तुटलं."

"मंग?"

"माह्या आत काही तुटलं-बिटलं नव्हतं, आत्या. मे महिना होता. मले थंडी हवा लागली. मी झोपली."

"असं लिहिलं तर इंग्लंडवाले घेतीन काय तुले?"

"नाही घेतलं तं नाही. पण तू बाबाले दोनदा काहून विकून राहिली?"

मी चहा ठेवला. ती स्वतःच लिहिते आहे आता. तिची वाक्यं आखूड असतात आणि त्यांना शेवट नसतो. मी काही बोलत नाही.

तू मात्र बोल. म्हणजे लिही. त्यांना.

अंजू


९ नोव्हेंबर

दादा,

कणीक नव्हती.

त्या दिवशी मी खुर्चीत बसले होते. हात कोरडे होते, चष्मा डोळ्यांवर होता. ओटीपी आला, सहा आकडे, वर तुझं नाव. मी तो दहा मिनिटं पाहत बसले. सतराला लायब्ररीत कोणी नव्हतं, शाळेला सुट्टी होती. पंचवीसला फोन हातात होता. धनश्रीला मी एकदाही फोन लावला नाही. तिकडे गेटवर फोन जमा करतात हे तेवढं खरं आहे.

हे आता सांगते आहे, कारण पंचवीसनंतर एकही आकडा आलेला नाही. तू सोडून दिलंस. काल धनश्रीने अर्जाचं पान उघडून दाखवलं. सरांच्या नावापुढे हिरवी टिक आहे, तुझ्या नावापुढे करड्या रंगाचं घड्याळ. ती म्हणाली, "बाबा लिहितीन. बाबा उशीर करतात, पण करतात." मग म्हणाली, "आई सांगत होती, बाबानं तीनदा करून पाहिलं म्हणे चेतनच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात. नंबरच येत नाही. आत्या, त्या मेलवर कोणाचा मोबाइल आहे?"

मी म्हटलं, "मले काय माहीत, बाप्पा."

एकोणपन्नास वर्षांची बाई. दर रविवारी नगरसेवकांच्या थापांवर लिहिते.

का केलं, ते नेमकं सांगता येत नाही. आधी वाटलं, तू फोन करशील. चिडून का होईना, 'नंबर सांग' म्हणशील. सहा वर्षांत तुला माझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं, आणि ते इतक्या स्वस्तात देऊन टाकायला जीव होईना. कधी वाटतं, तू माझ्याबद्दल काही लिहिशील याची भीती होती. पण शिफारसपत्रात आत्याचं काय काम. कधी वाटतं, पोरगी गेली तर हे घर रिकामं होईल. तीन कारणं झाली. खरं कोणतं ते मलाच कळत नाही, आणि तिन्हींपैकी एकही मला शोभणारं नाही.

तेव्हा ऐक. येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी अकरा वाजता चेतनच्या दुकानात बस. मेलचं पान उघड. मी इथे फोन हातात घेऊन बसते. नंबर आला की तू मला फोन कर. मला ब्लॉकमधून काढायचं नसेल तर चेतनच्या फोनवरून कर. बोलायचं काही नाही. सहा आकडे मी सांगीन आणि तू ठेवून दे.

तू आला नाहीस तर धनश्रीला सगळं मी सांगेन. ही धमकी नाही. मला दुसरं काही सुचत नाही.

अंजू


२२ नोव्हेंबर

दादा,

रविवारची आपली बातचीत सहा वर्षांतली पहिली असल्यामुळे जशी झाली तशी उतरवून ठेवते आहे.

अकरा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. तू म्हणालास, "सांग."

मी म्हटलं, "चार सात शून्य..."

"हळू सांग नं. मी काय तुह्या पेपरातला वाचक आहो काय?"

"चार. सात. शून्य."

"पुढं."

"नऊ. नऊ. दोन."

मागून चेतन म्हणाला, "खुलला, काका." तू ठेवलास. एकूण एकेचाळीस सेकंद. माझ्या फोनने त्याला 'अनोळखी नंबर' म्हटलं आहे.

मग काल डाकेने तुझं पाकीट आलं. मला वाटलं पत्र आहे. पत्र नव्हतं. वहीचं आखीव पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, खाली तुझ्या फॉल-पिकोच्या दुकानाचा शिक्का. आणि त्याखाली माझ्यासाठी एवढंच: 'मराठीत चालते म्हणे, पण इंग्रजी जोडा लागते. इंग्रजी तू कर. चेतन माय डॉटर इज व्हेरी हार्डवर्किंग लिहून राहिला. धनश्रीले दाखवाचं नाही, असा नियम आहे.'

मी वाचलं. तीनदा वाचलं. आता माझी अडचण ऐक.

शिफारसपत्र म्हणजे काय, हे तुला कोणी सांगितलं नाही का? सरांनी तिचं किती कौतुक केलं असेल, याचा अंदाज मी न वाचता करू शकते. आणि तुझ्या पत्राच्या पहिल्या तीन ओळी अशा: 'धनश्री माझी मुलगी. दहाव्या वर्षापासून माझ्या मागावर बसली. तिचा हात फार वेगात जातो, त्यामुळे कापडाची डावी कड सैल राहते. पुष्कळदा सांगितलं, ऐकत नाही.'

दादा, सगळ्या जगातून तीस जण घेतात. बाकीच्यांचे गुरू त्यांना अवतार ठरवत असतील. आणि आपल्या पोरीची डावी कड सैल.

पुढचं चांगलं आहे. 'तुटलेला धागा शोधण्यात तिच्यासारखी पोरगी पाहिली नाही. डोळे मिटून बोटानं शोधते. हे बापूजींना येत नव्हतं, मला येत नाही.' हे वाचून मी उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. हे वर घेऊ का? आणि कडेचं वाक्य काढू? तुला इंग्रजी येत नाही. मी काढलं तर तुला कळणारही नाही. म्हणूनच विचारते आहे.

बापूजी व्यापाऱ्याला लुगडं द्यायचे तेव्हा घडी कशी घालायचे, ते मला आठवतं. चूक असलेला भाग वरच्या घडीवर. व्यापारी दर वेळी भाव पाडायचा. आई म्हणायची, "त्याले डोळे नाहीत काय? तुम्ही काहून दाखवता?" बापूजी म्हणायचे, "घरी जाऊन दिसली तं तो मले चोर म्हणन." तू तेच केलं आहेस. पण तो नागपूरच्या इतवारी बाजारातला व्यापारी होता, त्याला ही घडी वाचता येत होती. इंग्लंडातल्या बाईला येईल का? ती म्हणेल, बापालाच पोरगी पसंत नाही.

आणखी एक. तू लिहिलं आहेस, 'माग २०१९ च्या उन्हाळ्यात वाळवीनं गेला. दोन पाय चांगले होते, ते वापरात आहेत.'

वाळवी. मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी दारात उभी राहिले, कूलर पाहिला, कूलरखालचं लाकूड ओळखलं आणि बसस्टँडपर्यंत जाताना लेख मनात तयार झाला. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. पण मग लेख झाला नसता, आणि त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरा विषय नव्हता.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

कडेचं तेवढं कळव. दहा दिवस आहेत.

अंजू


३ डिसेंबर

दादा,

गुरुवारी तू फोन केलास, तोही स्वतःच्या नंबरवरून. मी विचारलं, "काढू?" तू म्हणालास, "काढाची असल तं पत्रच नको देऊ." मी म्हटलं, "पोरीचं नुकसान झालं तं?" मशीनचा आवाज येत होता, कोणाच्या तरी साडीला फॉल लागत होता. मग म्हणालास, "तिथं गेल्यावर ते तिचा हात पाहतीनच नं, अंजू. तवा मी कोठी तोंड लपवू?"

म्हणून काढलं नाही. वरही घेतलं नाही, खालीही नेलं नाही. तीन ओळी होत्या तिथेच आहेत. 'सैल' या शब्दासाठी मला चार इंग्रजी शब्द सुचले, त्यातले तीन गोड होते. चौथा घातला. कापडाच्या कडेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं आणि मजकूर धनश्रीला दाखवायचा नव्हता. मी तिला सहज विचारल्यासारखं केलं, "कडेले काय म्हणतात वं इंग्रजीत?"

"कशाच्या कडेले?"

"रस्त्याच्या."

तिने मला रस्त्याचा शब्द सांगितला. मग मला सगळी दुपार शब्दकोशात घालवावी लागली.

३० तारखेला मी भाषांतर चेतनला मेल केलं. परवा दुपारी चार वाजता त्याने दोन्ही पानं चढवली. धनश्री कंपनीच्या बसमधून उतरली ती फोन पाहतच जिना चढून आली. "आत्या, बाबाची टिक हिरवी झाली." मग तिने अर्ज पाठवायचं बटण दाबलं, आणि आम्ही दोघी त्या पानाकडे पाहत बसलो. त्यांनी आभार मानले आणि निकाल मार्चमध्ये कळवू असं लिहिलं. तिने विचारलं, "बाबानं काय लिहिलं असन?" मी म्हटलं, "जे आहे ते."

ओटीपीचंही मी तिला सांगितलं. तिन्हींचं. ती एक दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही दोघं बहीण-भाऊ लय येडे आहात." हे शिफारसपत्रात घालण्यासारखं होतं, पण तोवर टिक हिरवी झालेली होती.

आता तुझा शेवटचा परिच्छेद.

शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं शिक्षण विचारलं होतं. तू लिहिलंस, 'नववी पास. १९९५ ला बनारसला विणकामाचा कोर्स करायचा होता. फी, राहणं, जेवण सरकारचं होतं. अर्ज गेला नाही.'

त्या साली जून महिन्यात तू तो फॉर्म मला उमरेडच्या बसस्टँडवर दिलास. फोटो चिकटवलेला होता, खाली सही केलेली होती. मी नागपूरला बी.ए.ला होते, माझं इंग्रजी चांगलं होतं, फक्त रकाने भरून डाकेत टाकायचा होता. शेवटची तारीख ३०. मी वादविवाद स्पर्धेच्या तयारीत होते. विषय होता 'ग्रामीण कारागिरांचे भवितव्य'. मला दुसरं बक्षीस मिळालं. जुलैत तू विचारलंस, "गेला काय वं?" आणि मी म्हटलं, "गेला." पुढे तू वर्षभर डाकेची वाट पाहिलीस, आणि मग बापूजींच्या मागावर बसलास.

मला वाटत होतं, तुझी निवड झाली नाही असं तू समजून आहेस. तीस वर्षं मला असंच वाटत होतं. आणि तू लिहिलंस, 'गेला नाही.' तुला कधी कळलं? फॉर्म माझ्या पेटीत सापडला की तू बनारसला पत्र घालून विचारलंस? आणि कळल्यावरही बी.ए. होईपर्यंत दर महिन्याला तू माझ्या खोलीवर डाळ-तांदूळ आणून टाकत होतास, की ते कळायच्या आधीचं? मी सगळ्या तारखा पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. माझा हिशेब लागत नाही. माग मोडल्याचा लेख वाचून तू एक शब्द बोलला नाहीस, तेव्हा तुझ्याकडे बोलायला एवढं होतं.

तो परिच्छेद मी आहे तसा इंग्रजीत केला. भाषांतराच्या खाली अनुवादकाचं नाव आणि सही लागते. सहीच्या वर थोडी जागा होती. तिथे मी एक टीप टाइप केली आहे. चेतनला इंग्रजी येतं, पण चढवलेलं पान उघडून वाचायची त्याला सवय नाही, म्हणून तुला कळवते:

'वर उल्लेख केलेला १९९५ चा अर्ज भरून पाठवण्याचे काम अनुवादिकेकडे होते. तिने तो पाठवला नाही, आणि पाठवल्याचे सांगितले.'

अंजू